शिंपल्यांचा अर्क आणि यकृताचे संरक्षण

शिंपल्यांचा अर्क म्हणजे शिंपाधारी वर्गातील मृदुकाय प्राण्यांचे मांस पाण्यात उकळून किंवा एंझाइमांच्या साहाय्याने विघटित करून मिळवलेला द्रव, अथवा त्या द्रवापासून तयार केलेली पूड. यासाठी मुख्यतः गोड्या व मचूळ पाण्यात आढळणारे कॉर्बिक्युला प्रजातीचे लहान शिंपले आणि समुद्रातील कालवे वापरतात. जपान, चीन, तैवान व कोरिया या देशांत हा अर्क यकृताला हितकर मानला जातो आणि अनेक शतकांपासून तेथील आहारात त्याला स्थान आहे. प्रयोगशाळेत उंदरांवर व पेशींवर केलेल्या प्रयोगांत त्याचे काही संरक्षक परिणाम दिसून आले आहेत. माणसांच्या बाबतीत मात्र पुरावा अजून अपुरा आहे. शिवाय ज्यांचे यकृत आधीच विकारग्रस्त आहे, त्यांना कच्च्या किंवा अर्धवट शिजवलेल्या शिंपल्यांपासून गंभीर धोका संभवतो. त्यामुळे या विषयात अन्न, अर्क आणि औषध या तीन गोष्टींमधील फरक लक्षात घेणे आवश्यक ठरते.

## पारंपरिक वापर

जपानमध्ये कॉर्बिक्युला प्रजातीच्या शिंपल्यांना ‘शिजिमी’ म्हणतात. तेथे यांच्या तीन जाती प्रसिद्ध आहेत. मचूळ पाण्यातील ‘यामातो शिजिमी’ ही व्यापारी दृष्ट्या सर्वांत महत्त्वाची जाती होय. ‘मा-शिजिमी’ गोड्या पाण्यात आढळते, तर ‘सेता-शिजिमी’ ही बिवा सरोवरातील जाती आहे. शिमाने प्रांतातील शिंजी सरोवर आणि आओमोरी प्रांतातील जुसान सरोवर ही यामातो शिजिमीची नावाजलेली क्षेत्रे आहेत. सोयाबीन आंबवून केलेल्या ‘मिसो’मध्ये हे शिंपले शिजवून केलेले सार मद्यपानानंतरच्या सकाळी पिण्याची तेथे प्रथा आहे.

कोरियाच्या दक्षिण भागात, विशेषतः सोमजिन नदीच्या परिसरात, याच प्रजातीच्या शिंपल्यांचे ‘जेचोप’ नावाचे पातळ सार त्याच हेतूने घेतले जाते. तैवानमध्ये सोनेरी छटेच्या शिंपल्यांची शेती केली जाते आणि त्यांचा गडद, दाट अर्क बाटल्यांतून विकला जातो. पूर्व किनाऱ्यावरील ह्वालिएन परगणा यासाठी ओळखला जातो. घरगुती पद्धतीत आले किंवा लसूण घालून शिंपले वाफवतात व त्यांना सुटलेला रस गाळून घेतात.

या समजुतीचे लिखित मूळ बरेच जुने आहे. चिनी वैद्य लि शिजेन यांच्या १५९६ मध्ये छापल्या गेलेल्या औषधिकोशात या शिंपल्यांचे मांस मद्याचा विषार आणि डोळ्यांचा पिवळेपणा यांवर उपयुक्त असल्याची नोंद आहे. डोळे पिवळे होणे हे काविळीचे लक्षण असल्याने यकृताशी असलेला हा संबंध केवळ आधुनिक जाहिरातींतून आलेला नाही, हे यावरून स्पष्ट होते. तथापि एखादा उपाय जुना असणे म्हणजे तो सिद्ध झालेला असणे नव्हे.

## अर्क तयार करण्याची पद्धत

जिवंत शिंपले प्रथम स्वच्छ पाण्यात काही तास ठेवून त्यांच्या पोटातील वाळू व गाळ बाहेर पडू दिला जातो. त्यानंतर ते पाण्यात दीर्घकाळ उकळतात. पाण्यात विरघळणारी अ‍ॅमिनो अम्ले, टॉरिन, ग्लायकोजेन, लहान प्रथिनखंड व खनिजे या द्रवात उतरतात. गाळलेला द्रव कमी दाबाखाली आटवून दाट केला जातो किंवा वाळवून त्याची पूड करतात. दुसऱ्या पद्धतीत प्रथिनांचे विघटन करणारी एंझाइमे वापरतात. त्यामुळे अर्कातील लहान प्रथिनखंडांचे प्रमाण वाढते.

अर्काचे रासायनिक स्वरूप शिंपल्याची जाती, पाण्याचा खारेपणा, ऋतू आणि निष्कर्षणाची पद्धत यांनुसार बदलते. केवळ पाण्याने काढलेल्या अर्कात स्निग्ध घटक कमी असतात, तर अल्कोहोलसारख्या विद्रावकाने काढलेल्या अर्कात ते अधिक असतात. म्हणून एका अर्कावरील प्रयोगाचा निष्कर्ष दुसऱ्या अर्काला जसाच्या तसा लागू करता येत नाही.

## प्रमुख घटक आणि त्यांचे कार्य

### ऑर्निथिन

शिजिमीच्या संदर्भात सर्वाधिक उल्लेख ऑर्निथिन या अ‍ॅमिनो अम्लाचा होतो. जर्मन शास्त्रज्ञ माक्स याफे यांनी १८७७ मध्ये पक्ष्यांच्या उत्सर्गातून ते वेगळे केले. पक्षी या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला हे नाव मिळाले. शरीरातील प्रथिने बनवण्यासाठी ऑर्निथिन वापरले जात नाही. त्याचे मुख्य कार्य यकृतातील यूरिया चक्रात असते.

प्रथिनांच्या विघटनातून अमोनिया हा विषारी पदार्थ निर्माण होतो. यकृत त्याचे रूपांतर तुलनेने निरुपद्रवी अशा यूरियात करते आणि यूरिया मूत्रावाटे बाहेर पडतो. हान्स क्रेब्स आणि कुर्ट हेन्सेलाइट यांनी १९३२ मध्ये यकृताच्या पातळ कापांवर प्रयोग करून हे चक्र उलगडले. थोडेसे ऑर्निथिन घातले असता यूरियाची निर्मिती लक्षणीय वाढते, असे त्यांना आढळले. ऑर्निथिन चक्राच्या आरंभी प्रक्रियेत शिरते आणि अखेरीस पुन्हा मूळ रूपात बाहेर येते. म्हणजेच ते स्वतः खर्ची पडत नाही. शिंपले आणि यकृत यांचा संबंध सांगताना ज्या शास्त्रीय आधाराचा उल्लेख होतो, तो हाच.

मात्र अमोनियाचा निचरा आणि मद्याचे विघटन या दोन भिन्न प्रक्रिया आहेत. मद्यातील एथिल अल्कोहोलचे यकृतात प्रथम अ‍ॅसिटाल्डिहाइड आणि नंतर अ‍ॅसिटेट होते. या मार्गात ऑर्निथिनची थेट भूमिका नाही. मद्यपानानंतर गरम सार प्यायल्याने जो आराम वाटतो, त्याचा काही भाग त्यातील पाणी व मीठ यांमुळेही असू शकतो. अस्वस्थता कमी होणे म्हणजे यकृताची हानी टळणे नव्हे.

### टॉरिन

फ्रीड्रिख टीडेमान व लेओपोल्ट ग्मेलिन यांनी १८२७ मध्ये बैलाच्या पित्तातून टॉरिन वेगळे केले. यकृत पित्ताम्लांना टॉरिन किंवा ग्लायसीन जोडते. त्यामुळे पित्ताम्ले पाण्यात अधिक विरघळणारी होतात व स्निग्ध पदार्थांच्या पचनास मदत करतात. टॉरिन पेशींमधील पाण्याचा समतोल राखण्यातही भाग घेते. कालवे, शिनाणे व इतर शिंपले यांच्या १०० ग्रॅम मांसात टॉरिन शेकडो मिलिग्रॅम असू शकते. वनस्पतिजन्य आहारात ते जवळजवळ नसतेच. जपानमध्ये शुद्ध टॉरिन हे औषध म्हणून मान्यताप्राप्त असून, पित्तमार्गातील अडथळ्यामुळे झालेली कावीळ वगळता, रक्तातील बिलिरुबिन वाढलेल्या रुग्णांत यकृताचे कार्य सुधारण्यासाठी ते दिले जाते. त्याची नेहमीची मात्रा दिवसाला ३ ग्रॅम असते.

### स्टेरॉले

बहुतेक प्राण्यांच्या शरीरात कोलेस्टेरॉल हेच प्रमुख स्टेरॉल असते. शिंपले पाण्यातील सूक्ष्म शैवले गाळून खातात. त्यामुळे त्यांच्या मांसात कोलेस्टेरॉलबरोबर कॅम्पेस्टेरॉल, ब्रॅसिकास्टेरॉल, सिटोस्टेरॉल अशी वनस्पतींत आढळणारी स्टेरॉलेही असतात. ही स्टेरॉले आतड्यात कोलेस्टेरॉलच्या शोषणाला अडथळा करतात. उंदरांच्या यकृतातील मेद कमी होण्यामागे हे एक संभाव्य कारण मानले जाते.

### खनिजे, जीवनसत्त्वे आणि इतर घटक

कालवे हे जस्ताचे अत्यंत समृद्ध नैसर्गिक स्रोत आहेत. त्यांत ग्लायकोजेनही भरपूर असते. शिजिमीच्या १०० ग्रॅम मांसात सुमारे ८ मिलिग्रॅम लोह आणि ६० मायक्रोग्रॅमहून अधिक बी-१२ जीवनसत्त्व असते. प्रौढ माणसाची बी-१२ची दैनंदिन गरज अडीच मायक्रोग्रॅमच्या आसपास आहे, हे लक्षात घेता हे प्रमाण मोठे आहे. पॅसिफिक कालवातून जपानी संशोधकांनी एक फिनॉलवर्गीय ऑक्सिडीकरणरोधक संयुगही वेगळे केले आहे.

## प्रयोगशाळेतील संशोधन

यकृतसंरक्षक गुण तपासण्याची एक प्रचलित पद्धत अशी : उंदरांच्या एका गटाला काही दिवस अर्क दिला जातो व दुसऱ्या गटाला दिला जात नाही. त्यानंतर दोन्ही गटांना कार्बन टेट्राक्लोराइडसारखे यकृतास घातक रसायन देतात. यकृताच्या पेशी फुटल्या की त्यांतील एएलटी व एएसटी ही एंझाइमे रक्तात उतरतात. अर्क घेतलेल्या गटात ही वाढ कमी झाली आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशींची हानी कमी दिसली, तर त्या अर्काला संरक्षक गुण आहे असे म्हणतात.

कॉर्बिक्युला शिंपल्यांच्या अर्कावर जपान व तैवानमध्ये अशा प्रकारचे प्रयोग झाले आहेत. त्यांतून प्रामुख्याने पुढील परिणाम नोंदवले गेले :

* रसायनजन्य इजेनंतर रक्तातील यकृत-एंझाइमांची वाढ कमी होणे.
* यकृतातील व रक्तातील कोलेस्टेरॉल कमी होणे.
* पित्ताम्लांचे मलावाटे उत्सर्जन वाढणे. पित्ताम्ले कोलेस्टेरॉलपासून बनत असल्याने त्यांचे उत्सर्जन वाढले की कोलेस्टेरॉलचा अधिक वापर होतो.
* ऑक्सिडीकरणामुळे होणारी पेशीपटलांची हानी कमी होणे.

या निष्कर्षांचा अर्थ लावताना प्रयोगाची रचना समजून घ्यावी लागते. कार्बन टेट्राक्लोराइड स्वतः फारसे क्रियाशील नसते. यकृतातील एक एंझाइम त्याचे अतिक्रियाशील मुक्त मूलकात रूपांतर करते आणि हे मूलक पेशीपटलातील मेदाम्लांवर आघात करते. त्यामुळे जो पदार्थ ते एंझाइम मंदावतो किंवा मुक्त मूलके शोषून घेतो, तो या चाचणीत संरक्षक ठरण्याचा संभव असतो. अनेक वनस्पतींचे अर्क याच चाचणीत यशस्वी झाले असले तरी त्यांपैकी फारच थोडे रुग्णोपयोगी औषध बनू शकले. माणसाचे यकृत सहसा विषाणू, मद्य, स्थूलता, मधुमेह किंवा औषधे यांमुळे वर्षानुवर्षे झिजते. एका दिवसात दिलेल्या रसायनाची इजा हे त्या दीर्घ विकाराचे अपुरे प्रतिरूप आहे. तसेच इजेपूर्वी दिलेला अर्क उपयोगी पडला म्हणून इजेनंतर दिलेला अर्क रोग बरा करील, असे अनुमान काढता येत नाही.

## मात्रेचा प्रश्न

शिंपल्यांविषयीच्या दाव्यांची पारख करण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे मात्रेचा हिशेब होय.

शिजिमीच्या १०० ग्रॅम मांसात ऑर्निथिन साधारणपणे १० ते १५ मिलिग्रॅम असते. शिंपले हळूहळू गोठवल्यास हे प्रमाण कित्येक पटींनी वाढते. ऑर्निथिनच्या पूरकांवर माणसांत झालेल्या लहान अभ्यासांत ४०० मिलिग्रॅम ही मात्रा वापरली गेली आहे. ताज्या शिंपल्यांतून तेवढे ऑर्निथिन मिळवायचे झाल्यास अडीच ते चार किलोग्रॅम मांस लागेल. एका वाटी सारातून त्याचा अल्पसा अंशच मिळतो. बाजारातील अनेक पूरकांतील ऑर्निथिन सूक्ष्मजीवांच्या साहाय्याने किण्वन करून तयार केलेले असते. ते शिंपल्यांतून काढलेले असतेच असे नाही.

औषधी मात्रा याहून पुष्कळ मोठी असते. यकृत निकामी होत आले की अमोनिया मेंदूपर्यंत पोहोचून गोंधळ, गुंगी व बेशुद्धी येऊ शकते. या अवस्थेत ऑर्निथिन व अ‍ॅस्पार्टिक अम्ल यांचे संयुग औषध म्हणून दिले जाते. तोंडावाटे ते दिवसाला ९ ते १८ ग्रॅम आणि शिरेवाटे सुमारे २० ग्रॅम इतके दिले जाते. एवढ्या मात्रेतही त्याच्या लाभाविषयीचा पुरावा कमी दर्जाचा असल्याचे मत कॉक्रन या संस्थेच्या २०१८ च्या आढाव्यात नोंदवले गेले. या आजारात लॅक्ट्युलोज हेच प्रमुख औषध आहे.

उंदरांवरील मात्रेचाही असाच विचार करावा लागतो. उंदराला दर किलोग्रॅम वजनामागे दिलेली मात्रा माणसासाठी रूपांतरित करताना शरीराच्या पृष्ठफळानुसार ६.२ ने भागण्याचा संकेत आहे. हा गुणांक प्रयोगशाळेतील मोठ्या पांढऱ्या उंदरासाठीचा आहे. अशा उंदराला किलोमागे १ ग्रॅम सुका अर्क दिला असेल, तर ६० किलोग्रॅम वजनाच्या माणसासाठी ती मात्रा दिवसाला जवळजवळ १० ग्रॅम होते. गोळ्यांच्या स्वरूपातील पूरकांत सहसा याहून बरेच कमी द्रव्य असते.

यकृतातील सूत्रण थांबते का, सिऱ्होसिस टळतो का, आयुर्मान वाढते का, या प्रश्नांची उत्तरे देणाऱ्या मोठ्या व दीर्घकालीन मानवी चाचण्यांचा आधार शिंपल्यांच्या अर्काला नाही. त्यामुळे त्याला पौष्टिक आहार म्हणणे योग्य ठरते, यकृतरोगावरील उपचार म्हणणे योग्य ठरत नाही.

## यकृताच्या रुग्णांसाठी धोके

### कच्चे शिंपले आणि जंतुसंसर्ग

शिंपले दररोज मोठ्या प्रमाणात पाणी गाळतात. पाण्यात मैला मिसळत असल्यास त्यातील विषाणू व जंतू त्यांच्या शरीरात साठतात. १९८८ च्या आरंभी चीनमधील शांघाय शहरात अ-प्रकारच्या यकृतशोथाची प्रचंड साथ आली. सुमारे ३ लाख लोकांना कावीळ वा तत्सम आजार झाला. दूषित पाण्यातील अनादारा प्रजातीचे शिंपले कच्चे किंवा केवळ गरम पाण्यातून काढून खाल्ल्यामुळे ही साथ पसरल्याचे निष्पन्न झाले. ज्या देशात शिंपले यकृताला हितकर मानले जातात, तेथेच शिंपल्यांमुळे यकृतशोथाची एवढी मोठी साथ यावी, ही बाब बोलकी आहे.

व्हिब्रिओ व्हल्निफिकस हा उबदार समुद्रातील जंतू आणखी घातक आहे. निरोगी माणसाला त्यामुळे बहुधा जुलाब-उलट्या होतात. सिऱ्होसिसच्या रुग्णात मात्र तो रक्तात शिरून एक-दोन दिवसांत मृत्यू ओढवू शकतो. आतड्याकडून येणारे रक्त गाळून जंतू नष्ट करणे हे निरोगी यकृताचे काम असते. सिऱ्होसिसमध्ये रक्ताचा काही भाग यकृताला वळसा घालून जातो. शरीरात साठलेले अतिरिक्त लोहही या जंतूच्या वाढीला पोषक ठरते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने २००३ मध्ये मेक्सिकोच्या आखातातून उन्हाळ्यात काढलेल्या, जंतुनाशक प्रक्रिया न केलेल्या कच्च्या कालवांच्या विक्रीवर निर्बंध आणले. त्यानंतर त्या राज्यात या कारणाने होणारे मृत्यू जवळजवळ थांबले.

शिंपल्याचे तोंड उघडले म्हणजे तो पूर्ण शिजला असे नव्हे. विषाणूंचा नाश होण्यासाठी मांसाचा आतील भाग ९० अंश सेल्सियस तापमानाला किमान ९० सेकंद राहणे आवश्यक मानले जाते.

### उष्णतेने नष्ट न होणारी विषे

नील-हरित शैवलांच्या बहरातून मायक्रोसिस्टिन नावाची यकृतघातक विषे तयार होतात. ती शिंपल्यांत साठू शकतात व शिजवल्याने नष्ट होत नाहीत. कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे उपसागरात समुद्री ऊद या विषाने मेल्याचे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आले. शिंपल्यांसारखे जीव हे त्यांचे अन्न असते. कॅडमियमसारखे जड धातूही शिंपल्यांत साठतात. अर्क आटवताना हे दूषित घटकही दाट होण्याची शक्यता असल्याने कच्च्या मालाची तपासणी महत्त्वाची ठरते.

### लोह, तांबे आणि अधिहर्षता

दीर्घकालीन क-प्रकारच्या यकृतशोथात यकृतात लोह साठण्याची प्रवृत्ती असते. म्हणून जपानमध्ये अशा रुग्णांना लोह मर्यादित ठेवण्याचा सल्ला दिला जात असे, आणि त्यात शिजिमीचा समावेश होता. विल्सन रोगात यकृतात तांबे साठते. या रोगात जस्त हे औषध म्हणून दिले जाते, पण जस्तासाठी कालवे खाणे मात्र वर्ज्य असते, कारण त्यांत तांबेही भरपूर असते. घटक उपयुक्त असला तरी तो ज्या अन्नातून येतो ते अन्न उपयुक्त असेलच असे नाही, याचे हे ठळक उदाहरण होय.

शिंपल्यांतील ट्रोपोमायोसिन या प्रथिनामुळे काही व्यक्तींना तीव्र अधिहर्षता होते. अशा व्यक्तींनी अर्कही टाळावा.

## भारतातील स्थिती

कोकण व गोव्याच्या खाड्यांत तिसऱ्या, खुबे, कालवे व शिनाणे मोठ्या प्रमाणात खाल्ले जातात. तिसऱ्या वाफवल्यावर सुटणारे पाणी टाकून न देता ते कालवणात वापरण्याची रीत आहे. पाण्यात उतरणारे टॉरिन व खनिजे त्यामुळे आहारात टिकून राहतात. येथे शिंपले कच्चे खाण्याची प्रथा नाही, ही आरोग्याच्या दृष्टीने जमेची बाजू आहे. केरळमधील अष्टमुडी सरोवरातील शिंपल्यांच्या मासेमारीला २०१४ मध्ये सागरी संवर्धनाचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले. असे प्रमाणपत्र मिळवणारी ती भारतातील पहिली मासेमारी होय.

कोची येथील केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्थेने हिरव्या शिनाण्याच्या अर्कापासून ‘कॅडलमिन’ या नावाने उत्पादन विकसित केले आहे. ते सांधेदुखीसाठी असून त्याचा यकृतरोगाशी संबंध जोडणे चुकीचे आहे. आयुर्वेदातील शुक्तिभस्म व शंखभस्म ही कवचापासून बनतात आणि त्यांत मुख्यतः कॅल्शियमची संयुगे असतात. मांसापासून काढलेल्या अर्काशी त्यांची तुलना करता येत नाही.

आरोग्यपूरकांसाठी भारतात २०१६ चे अन्न सुरक्षा व मानके विषयक विनियम लागू आहेत. त्यांनुसार पूरकांच्या वेष्टनावर ते औषधी वापरासाठी नसल्याचे नमूद करणे आवश्यक असते. एखादे पूरक रोग बरा करते, असा दावा करता येत नाही.

## यकृताच्या रक्षणाचे प्रस्थापित उपाय

यकृताच्या संरक्षणासाठी पुढील उपायांना भक्कम आधार आहे :

* मद्यपान टाळणे.
* ब-प्रकारच्या यकृतशोथाची लस घेणे आणि आवश्यकतेनुसार अ-प्रकारचीही घेणे.
* क-प्रकारच्या यकृतशोथावर विषाणूरोधक औषधांचा पूर्ण उपचार घेणे. बहुसंख्य रुग्ण त्यामुळे पूर्ण बरे होतात.
* यकृतात मेद साठला असल्यास वजन ७ ते १० टक्के कमी करणे व मधुमेह नियंत्रणात ठेवणे.
* औषधे व पूरके वैद्यकीय सल्ल्यानेच घेणे.

निरोगी व्यक्तीने स्वच्छ पाण्यातील, नीट शिजवलेले शिंपले खाण्यास हरकत नाही. त्यांतून उत्तम प्रथिने, जस्त व बी-१२ मिळते. कावीळ, पोटात पाणी साठणे, रक्ताची उलटी किंवा गुंगी ही लक्षणे असलेल्या रुग्णाने मात्र कोणत्याही अर्कावर विसंबून उपचार लांबवू नये. यकृताचे अनेक विकार आरंभी लक्षणरहित असतात आणि वेळेवर निदान झाल्यास आटोक्यात येतात. अर्कावर भरवसा ठेवण्यात दवडलेला काळ हेच बहुधा सर्वांत मोठे नुकसान ठरते.

## हेही पहा

* यकृत
* यूरिया चक्र
* यकृतशोथ
* सिऱ्होसिस
* कालव
* मृदुकाय प्राणी